दुसरा आलेला घरी, चौथा आलेला ऑलिम्पिकला: अमेरिकेच्या राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेत नक्की काय ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहा वर्षांची आहे, चार वर्षं फिगर स्केटिंग करते. ॲक्सल ही उडी पक्की आहे, डबल सॅल्काव (दोन फेऱ्यांची उडी) कधी जमते, कधी नाही. तिचे प्रशिक्षक आतापासूनच नॅशनल्सचं नाव घेतात आणि पुढच्या वर्षी शाळा सोडून घरूनच शिकवा असं सुचवतात. त्यातच वाचनात आलं की २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या मुलाला ऑलिम्पिकला नेलं नाही, चौथ्याला नेलं. सगळं आधीच ठरलेलं असतं का? क्रमांकालाच किंमत नसेल तर मुलीची वर्षं आणि आमचे पैसे यात का घालायचे?"

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची साताऱ्याची. सत्ताविसाव्या वर्षी बॉस्टनजवळच्या एका रिंकवर पहिल्यांदा बर्फावर उभी राहिले आणि पुढे पंचांचं प्रशिक्षण घेतलं. गेली सोळा वर्षं चाचण्यांना आणि सेक्शनलपर्यंतच्या, म्हणजे नॅशनल्सच्या आधीच्या विभागीय पात्रता फेरीपर्यंतच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. इथे पंचांना मानधन नसतं. आपापली नोकरी सांभाळून आम्ही शनिवार-रविवार गारठ्यात काढतो, कारण या खेळावर जीव आहे. नॅशनल्सच्या पंचांच्या टेबलावर मी बसलेली नाही. पण तिथे पोचलेली आणि तिच्या उंबरठ्यावरून परत आलेली बरीच मुलं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. नॅशनल्सचा निकाल आणि संघाची निवड यांचं नातं काय, हा पहिला. दहा वर्षांच्या मुलीसाठी आज काय ठरवायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कळलं की दुसऱ्याची भीती बरीच कमी होते, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करते.

ही स्पर्धा जुनी आहे. पहिली १९१४ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला झाली. आज तिच्यासाठी लढणारी सगळी मुलं ज्या संघटनेच्या छत्राखाली खेळतात ती संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली, म्हणजे स्पर्धा संघटनेच्याही आधीची. दरवर्षी जानेवारीच्या आसपास ती वेगवेगळ्या शहरात भरते: २०२४ मध्ये कोलंबस, २०२५ मध्ये विचिटा, २०२६ मध्ये सेंट लुईस. इथे पदकं चार असतात. सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि चौथ्याला प्यूटर, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं. मिशेल क्वानने ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली. त्याआधी मॅरिबेल विन्सननेही नऊ वेळा जिंकली होती. या विजेतेपदाला स्वतःची किंमत आहे. ऑलिम्पिक असो वा नसो, विजेत्याचं नाव त्या यादीत कायमचं लागतं.

पण ऑलिम्पिकच्या किंवा जागतिक स्पर्धेच्या संघात नाव येणं ही वेगळी प्रक्रिया आहे. पदक त्या दोन दिवसांच्या कामगिरीला मिळतं. संघ मात्र पुढच्या काही आठवड्यांत, परदेशी पंचांसमोर, कोण काय करू शकेल याचा अंदाज बांधून निवडला जातो. त्या अंदाजात नॅशनल्सचा निकाल फार महत्त्वाचा असतो, पण एकटा नसतो. मागच्या वर्षीची जागतिक स्पर्धा, त्या हंगामातली ग्रां प्री ही आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका आणि तिची अंतिम फेरी, इतर आंतरराष्ट्रीय स्पर्धा, असं सगळं समिती समोर ठेवते. हे नियम स्पर्धेच्या आधीच लिहिलेले असतात. आपल्याला क्रिकेटमुळे हे समजायला अवघड जाऊ नये. अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११,००० हून जास्त धावा केल्या, पद्माकर शिवलकरांनी ५८९ बळी घेतले, आणि दोघांनाही भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यांच्या धावा आणि बळी खोटे होते असं आपण म्हणत नाही. निवड चुकली का, यावर मात्र आजही तावातावाने बोलतो. स्केटिंगमध्येही असंच वेगवेगळं बोलायला हवं.

आता जागांचा हिशेब, कारण वादाचं मूळ तिथे आहे. एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा मिळतात. किती मिळणार हे आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत देशाच्या सर्वांत पुढच्या दोन स्पर्धकांच्या क्रमांकांची बेरीज करून ठरतं. बेरीज १३ किंवा कमी आली तर तीन जागा, २८ पर्यंत आली तर दोन. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत अ‍ॅशली वॅग्नर पाचवी आणि ग्रेसी गोल्ड सहावी आली. बेरीज ११. त्यामुळे २०१४ च्या सोची ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या महिलांना तीन जागा मिळाल्या.

मग जानेवारी २०१४ मध्ये बॉस्टनला नॅशनल्स झाली. गोल्ड पहिली, पोलिना एडमंड्स दुसरी, मिराई नागासू तिसरी. वॅग्नर चौथी. समितीने पहिल्या दोघींसोबत वॅग्नरला निवडलं आणि नागासूला वगळलं. तेव्हा रिंकवर आम्ही सगळे याच विषयावर बोलत होतो. तिसरी आलेली मुलगी घरी बसते हे पाहून वाईट वाटलंच. पण महिन्याभरापूर्वीच ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत जगातल्या सर्वोत्तम सहा जणींत वॅग्नरने कांस्य मिळवलं होतं, आणि त्या तीन जागा मिळवण्यात तिचा वाटा होता. निर्णय कठोर होता, पण हवेतून आलेला नव्हता.

ही गोष्ट इथेच थांबत नाही आणि मला ती पुढचीच जास्त महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये सॅन होजेला नागासू दुसरी आली आणि संघात गेली. प्योंगचांग ऑलिम्पिकच्या सांघिक स्पर्धेत तिने ट्रिपल ॲक्सल, म्हणजे साडेतीन फेऱ्यांची उडी टाकली. ऑलिम्पिकमध्ये ही उडी यशस्वी करणारी ती पहिली अमेरिकन महिला. आणि त्याच २०१८ मध्ये वॅग्नर पुन्हा चौथी आली होती. दरम्यान २०१६ ला तिने जागतिक रौप्य मिळवलं होतं. तरी या वेळी समितीने पहिल्या तिघींनाच नेलं आणि वॅग्नर राहिली. म्हणजे एकाच खेळाडूला चौथ्या क्रमांकावरून एकदा संघात घेतलं गेलं आणि एकदा नाही. ठरावीक लाडक्यांचीच निवड होते असं मानलं तर याचा अर्थ लागत नाही.

पुरुषांतही त्याच वर्षी असंच झालं. रॉस मायनर दुसरा आला, अ‍ॅडम रिपन चौथा. नेला रिपनला, कारण त्या हंगामात तो ग्रां प्रीच्या अंतिम फेरीपर्यंत गेला होता. जेसन ब्राउनची बाजू तर आणखी शिकवणारी आहे. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत नेथन चेन सहावा, ब्राउन सातवा. बेरीज बरोबर १३, म्हणून तीन जागा. त्या मिळवून देणारा ब्राउन नॅशनल्सला सहावा आला आणि संघाबाहेर राहिला. ज्याने जागा मिळवली ती त्याचीच, असा नियम नाही.

आता तुमचं २०२२ चं उदाहरण. नॅशव्हिलला नेथन चेन पहिला, सतरा वर्षांचा इलिया मालिनिन दुसरा, व्हिन्सेंट झू तिसरा, जेसन ब्राउन चौथा. बीजिंगला चेन, झू आणि ब्राउन गेले. मालिनिनची नॅशनल्स अप्रतिम झाली होती, पण वरिष्ठ गटातला आंतरराष्ट्रीय अनुभव त्याच्याकडे जवळजवळ नव्हता. झूच्या बाजूने एक ठोस गोष्ट होती: २०२१ च्या जागतिक स्पर्धेनंतर अमेरिकेची तिसरी जागा पक्की झाली नव्हती, ती त्याने त्या शरद ऋतूत जर्मनीतली नेबेलहॉर्न ट्रॉफी जिंकून आणली. ब्राउन २०२१ च्या जागतिक स्पर्धेत सातवा होता आणि कुठेही गेला तरी कोसळत नाही अशी त्याची ख्याती; बीजिंगला तो सहावा आला. मालिनिनने त्याच सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला स्पर्धेतली जगातली पहिली क्वाड्रपल ॲक्सल (साडेचार फेऱ्यांची उडी) टाकली, आणि २०२४ व २०२५ मध्ये तो जगज्जेता झाला. त्याला न्यायला हवं होतं का? आज मागे वळून पाहताना "हो" म्हणणं सोपं आहे. जानेवारी २०२२ मध्ये समितीच्या जागी मी असते तर मीही बहुधा हाच निर्णय दिला असता, आणि रात्री झोप लागली नसती.

अगदी विजेतीसुद्धा घरी राहू शकते. २०१९ मध्ये डेट्रॉइटला अलिसा ल्यू तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, महिलांत आजवरची सर्वांत लहान. जागतिक स्पर्धेला मात्र दुसरी आणि तिसरी आलेल्या ब्रेडी टेनेल आणि मरायाह बेल गेल्या, कारण वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं किमान वय तेव्हा १५ होतं. आता ते १७ आहे. हा आकडा तुमच्या घरातल्या चर्चेसाठी लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

उलट बाजूही आहे. नॅशनल्समध्ये बर्फावर न उतरताही संघात जाता येतं. १९९४ मध्ये नॅन्सी केरिगनवर हल्ला झाला, ती खेळू शकली नाही, तरी तिला नेलं. दुसरी आलेली तेरा वर्षांची मिशेल क्वान राखीव राहिली. २००६ मध्ये दुखापतीमुळे नॅशनल्स न खेळलेल्या क्वानने अर्ज केला आणि तिची तयारी पाहून तो मान्य झाला. पुढे ट्यूरिनला पोचल्यावर तिला माघार घ्यावी लागली आणि एमिली ह्यूजला बोलावलं गेलं. २०२२ मध्ये कोविडमुळे नॅशनल्समधून बाहेर पडावं लागलेल्या अलिसा ल्यूला याच वाटेने जागा मिळाली. एका आठवड्याच्या तापावर चार वर्षांची मेहनत जाऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

माझी तक्रार एकच आहे. वगळलेल्या मुलाला कारण समोर बसवून, सविस्तर, त्याच्या भाषेत सांगायला हवं. मी अगदी खालच्या स्तरावरच्या निवडीतही पाहिलंय की "नाही" पचवता येतं, पण "का नाही" हे माहीत नसलं की मूल वर्षभर स्वतःलाच कुरतडत राहतं.

आता गुणांकडे वळते, कारण "आधीच ठरलेलं असतं का" याचं खरं उत्तर तिथे आहे. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या पंचांच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय स्तरावर मोडीत निघाली. अमेरिकेच्या नॅशनल्समध्ये नवी पद्धत २००६ पासून आली. तिच्यात प्रत्येक उडीला, गिरकीला, पायांच्या कामाला ठरलेली मूळ किंमत असते. तांत्रिक पॅनेल व्हिडिओ पुन्हा पाहून उडी कोणती होती, पूर्ण फिरली का, हे ठरवतं. आणि पंच तिच्या दर्जाला उणे ५ ते अधिक ५ देतात. नऊ पंच असतील तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून टाकून सरासरी घेतात. दर्जाची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्के.

ट्रिपल लुट्झ ही तीन फेऱ्यांची उडी घ्या. गेली काही वर्षं तिची मूळ किंमत ५.९० आहे. छान झाली आणि सरासरी अधिक ३ मिळाले तर ७.६७ होतात. हवेत पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली तर मूळ किंमतच ८० टक्क्यांवर, म्हणजे ४.७२ वर येते. त्यावर उणे २ मिळाले की ३.७८. प्रेक्षकांत बसलेल्याला दोन्ही उड्या सारख्याच दिसू शकतात. मुलगी उभी राहिली, हात पसरले, टाळ्या पडल्या. फरक जवळजवळ चार गुणांचा. आणि पूर्ण फिरून ती पडली तर? दर्जा उणे ५ म्हणजे २.९५ उरतात, पडल्याचा एक गुण वजा, राहिले १.९५. साधी पण स्वच्छ डबल लुट्झ २.१० पासून सुरू होते. "तिने तर ट्रिपल मारली होती, तरी मागे कशी?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढ्या आकडेमोडीत सापडतं.

नॅशनल्सचे गुण आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीत धरले जात नाहीत. विक्रम म्हणून नाहीत, आणि जागतिक स्पर्धेसाठी लागणाऱ्या किमान तांत्रिक गुणांसाठीही नाहीत. घरच्या स्पर्धेत हात थोडा सैल असतो हे आम्ही सगळे जाणतो, आणि हे फक्त अमेरिकेत होतं असं नाही. निवड समितीला परदेशातले निकाल का पाहावे लागतात त्याचं हे एक साधं कारण आहे. माणसं पंच आहेत, चुकतात; नाव आणि कीर्ती यांचा नकळत परिणाम होतो, विशेषतः सादरीकरणाच्या गुणांत. हे मी माझ्या टेबलावर बसून अनुभवलंय आणि दर हंगामात स्वतःला त्याबद्दल टोकत असते. पण आधी ठरवून ठेवलेला निकाल ही वेगळी गोष्ट आहे, आणि तसं मी एकदाही पाहिलेलं नाही.

आता तुमची लेक. ती दहा वर्षांची आहे. ॲक्सल पक्की असणं ही खरोखर चांगली खूण आहे. पुढे तोंड करून उडायचं आणि दीड फेरी घ्यायची, या भिंतीशी कित्येक मुलं वर्षभर अडतात. पण इथून नॅशनल्सपर्यंत मध्ये ज्युवेनाइल, इंटरमीडिएट, नॉव्हिस, ज्युनियर आणि सीनियर अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीच्या चाचण्या. नॅशनल्समध्ये सीनियर महिलांच्या गटात दीड डझनाच्या आसपास मुली उतरतात. त्यासाठी देशाचे तीन विभाग केलेत: ईस्टर्न, मिडवेस्टर्न आणि पॅसिफिक कोस्ट. न्यू जर्सी ईस्टर्नमध्ये येतं, जिथे बॉस्टनपासून खालपर्यंतचे मोठमोठे क्लब आहेत, म्हणजे गर्दी भरपूर. पात्रतेचे टप्पे दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून आजचा तक्ता पाठ करू नका. त्या हंगामाची नियमावली दरवर्षी नव्याने वाचा.

आणि १७ हा आकडा आठवा. ऑलिम्पिकचं स्वप्न असलं तरी किमान सात वर्षं घाई नाही. या सात वर्षांत ती वाढेल, उंची बदलेल, शरीराचा तोल बदलेल. बारा-तेराव्या वर्षी ज्या मुली ट्रिपलच्या ट्रिपल मारतात त्यांतल्या काहींच्या उड्या पंधराव्या वर्षी हरवतात आणि मग त्या नव्याने शिकाव्या लागतात. ज्यांची स्केटिंगची मूळ बैठक पक्की असते, म्हणजे ब्लेडच्या धारेवरचा ताबा, गुडघा, वेग, त्या यातून सावरतात. म्हणून आज तिच्या डबल सॅल्कावपेक्षा ती उलट दिशेने स्केटिंग करताना डावी-उजवी धार किती खोल पकडते हे मी आधी बघेन.

घरून शिक्षणाचं काय? माझं उत्तर: आत्ता नको. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, ते कबूल करते. रिंक घरापासून किती लांब, सकाळी शाळेआधी बर्फ मिळतो का, तुमच्यापैकी कोणी घरी असतं का, आणि मुलीला स्वतःला शाळेत मन लागतं का. पण दहाव्या वर्षी आठवड्यातले बर्फावरचे तास दुप्पट करून मिळणारा फायदा थोडा आणि घोटे, गुडघे, कंबर यांच्या दुखापतीचा धोका जास्त, असं मी वारंवार पाहिलंय. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलीच्या अकराव्या वर्षी दुसऱ्या राज्यात घर हलवलं. मुलगी गुणी होती. तेराव्या वर्षी पायाच्या हाडाला ताणाने तडा गेला, आठ महिने बर्फ बंद. तेव्हा तिच्याजवळ ना शाळेतल्या मैत्रिणी होत्या, ना दुसरा कुठला छंद. ती परत उभी राहिली, पण ते आठ महिने त्या घराने फार कष्टाने काढले. नॉव्हिसपर्यंत पोचल्यावर, स्वतः मुलीने मागणी केली आणि डॉक्टर-प्रशिक्षक दोघांचं मत जुळलं, तर हा प्रश्न पुन्हा काढा.

खर्चाचं मोकळेपणाने बोलते, कारण आपल्याकडे मुलांच्या बाबतीत पैशाचं बोलायला संकोच वाटतो. बर्फाच्या वेळेचे पैसे वेगळे, प्रशिक्षकाचे वेगळे. बूट एकाचे, ब्लेड दुसऱ्याचे, धार लावणारा तिसरा. कार्यक्रम बसवून देणारा, संगीत कापून देणारा, पोशाख. स्पर्धा बाहेरगावी असली की प्रशिक्षकाचा प्रवास आणि मुक्कामही पालकांच्याच माथी. पायरी चढली की यातली प्रत्येक रक्कम वाढते. बसून तीन वर्षांचा आकडा काढा, आणि "हे पैसे परत येणार नाहीत" असं धरूनच काढा. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर तर अजिबात नको.

मदत मिळू शकते, आणि ती कुठून आली हे माहीत असावं. फेब्रुवारी १९६१ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ ब्रसेल्सजवळच्या विमान अपघातात गेला. अठरा स्केटर, त्यांचे प्रशिक्षक, घरची माणसं. नऊ वेळा विजेती ठरलेली मॅरिबेल विन्सन आणि तिच्या दोन्ही मुली त्यात होत्या; धाकटी लॉरेन्स ओवेन काही दिवसांपूर्वीच राष्ट्रीय विजेती झाली होती. त्यांच्या स्मरणार्थ जो निधी उभा राहिला तो आजही होतकरू स्केटरना आर्थिक मदत करतो.

नॅशनल्सला जोडून लहान गटांतल्या होतकरू मुलांसाठी विकास शिबिर घेतलं जातं, आणि खरं तर तुमच्या मुलीच्या वयाला दिसण्याजोगं पहिलं मोठं ठिकाण ते आहे. त्याबद्दल लिहिताना हात थांबतो. २९ जानेवारी २०२५ ला विचिटाहून वॉशिंग्टनला येणारं विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. गेलेल्या ६७ जणांत २८ जण आमच्या खेळातले होते. बरेचसे त्याच शिबिरातून परतत होते. मुलं, त्यांचे आईवडील, प्रशिक्षक. त्यानंतरच्या शनिवारी मी एका छोट्या स्पर्धेला बसले होते. सुरुवातीला सगळे बर्फाच्या कडेला गप्प उभे राहिले आणि मग सात वर्षांची एक मुलगी पहिली आत उतरली. त्या दिवसापासून कोण कितवं आलं याकडे बघायची माझी नजर बदलली आहे, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

मग आज काय करायचं? प्रत्येक स्पर्धेनंतर गुणांचा तपशीलवार कागद मिळतो, त्याला सगळे प्रोटोकॉल म्हणतात. तो जपून ठेवा. क्रमांकाची ओळ झाकून वाचा. या वेळी किती उड्या पूर्ण फिरल्या? गिरक्यांची पातळी मागच्यापेक्षा वाढली का? स्केटिंग कौशल्याचा आकडा कुठे होता, कुठे आला? माझ्यासमोर वाढलेली एक मुलगी सलग दोन वर्षं रीजनलला, म्हणजे सेक्शनलच्या आधीच्या फेरीला, दहाव्याच्या पुढे होती. वडील निराश, प्रशिक्षक बदलायच्या गोष्टी सुरू. कागद शेजारी शेजारी ठेवले तर दुसऱ्या वर्षी कमी फिरलेल्या उड्या पाचवरून एकावर आल्या होत्या आणि गुण बरेच वाढले होते. बाकीच्या मुलीही सुधारल्या होत्या, म्हणून क्रमांक तसाच राहिला. प्रशिक्षक बदलले नाहीत. पुढे ती सेक्शनलपर्यंत गेली, नॅशनल्सला नाही गेली, आणि आज कॉलेजच्या सिंक्रोनाइज्ड संघात, म्हणजे अनेकींनी एकत्र स्केटिंग करण्याच्या संघात, आनंदाने स्केटिंग करते.

प्रशिक्षकांशी बोलताना "ही नॅशनल्सला जाईल का?" असं विचारू नका, त्याचं प्रामाणिक उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी विचारा: येत्या सहा महिन्यांत कोणती चाचणी, कोणत्या दोन उड्या, आठवड्यात किती तास, आणि दुखायला लागलं तर थांबायचं कधी? ज्या प्रशिक्षकाकडे याची नेमकी उत्तरं असतील त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही. तुमच्या क्लबला विचारून पंचांकडून क्रिटीक घ्या. आम्ही मुलांचा कार्यक्रम पाहून समोरासमोर मत सांगतो. मी स्वतः ईस्टर्नमध्ये पंच असल्याने तुमच्या मुलीला खासगीत काही सुचवणं योग्य होणार नाही, पण माझे सहकारी आहेत.

आणि टीव्हीवरची नॅशनल्स पाहण्याआधी एकदा सेक्शनल पाहायला तिला घेऊन जा. साधारण नोव्हेंबरात असते. संध्याकाळच्या अंतिम फेरीऐवजी सकाळच्या सरावाला जा, तेव्हा मुली पडतात, उठतात, प्रशिक्षकाशी दोन शब्द बोलतात आणि पुन्हा तीच उडी घेतात. घरी परतताना गाडीत ती त्याच मुलींबद्दल बोलते की तुम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही, तेवढं ऐका आणि मला इथे कळवा. जाताना जाड मोजे आणि एखादी घोंगडी न्या, प्रेक्षकांच्या बाकांवर फार गारठायला होतं.